किल्ल्यांचा आवाज

कासवं अंडी घालायला येऊ लागली की त्या गावात संध्याकाळ लवकर संपते. सूर्य त्याच्या वेळेलाच मावळतो, पण त्यानंतर दिवे लागत नाहीत. गाव नदीच्या काठावर आहे. थोडं खाली नदी समुद्राला मिळते आणि समोरच्या काठावर, मुखापाशी, वाळूचा लांबलचक पट्टा आहे. कासवं तिथे येतात. वाळूतून वर आलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने चालत सुटतं, त्याच्या लेखी उजेड म्हणजेच पाणी. एखादा उघडा दिवा त्याला भलतीकडेच घेऊन जातो. म्हणून हंगाम सुरू झाला की गावातल्या खिडक्यांना जाड पडदे लागतात, रस्त्यावरचे दिवे बंद होतात आणि बाहेर विजेरी लावणाऱ्याला लहान पोरंसुद्धा हटकतात.

मग अंधारात चालायचं कसं? त्यावर गावाने आपला तोडगा काढला होता. ज्याचा त्याचा एक आवाज ठरलेला. मास्तर दोन तुकड्यांत खोकायचे, आधी एक लहान आणि मग एक मोठा. मूळचा खोकला कधीच बरा झाला होता, पण आवाज राहिला. पाववाला रिकाम्या टोपलीवर थाप मारायचा. किनाऱ्याची राखण करणारी बाई काठी फरफटत चालायची. हे आवाज कोणी निवडलेले नव्हते. एखादं टोपणनाव चिकटावं तसे ते चिकटले होते. गल्लीत शिरताना आपला आवाज करायचा, समोरचा त्याचा करतो, आणि दोघं अंग चोरून एकमेकांच्या बाजूने निघून जातात.

नावाड्याचा आवाज होता टकटक. होडीत असला तर वल्ह्याची मूठ होडीच्या कडेवर, जमिनीवर असला तर बोटांची पेरं हाताला लागेल त्यावर. कुंपण, भिंत, विजेचा खांब, कधी चुकून मास्तरांची छत्री. सगळं गाव त्याला दादा म्हणायचं, आणि पोरं त्याच्या मागे टकटकदादा.

त्याच्या बायकोचा आवाज होता किल्ल्यांचा. कमरेला मूठभर किल्ल्यांचा जुडगा. घराला कुलपं दोनच. बाकीच्या किल्ल्या हरवलेल्या पेट्यांच्या, मोडलेल्या कपाटांच्या, एक तर कुठल्या तरी सायकलची. "फेकून दे ना," तो म्हणायचा. "कुलूप सापडलं तर?" ती म्हणायची. संध्याकाळी होडी परतायची वेळ झाली की ती घरामागच्या पायऱ्या उतरून पाण्याशी उभी राहायची आणि जुडगा हलवायची. तो आवाज ऐकला की नावाडी वल्ह्याने दोनदा टकटक करायचा आणि होडी तिकडे वळवायचा. जवळजवळ अख्खा संसार त्यांनी असा, हंगामापुरता का होईना, कानांनी केला.

ती गेली. पुढच्याच पावसाळ्यात पुराने त्या पायऱ्यांशी गाळ भरला, आणि होडी लावायला गावाने जरा वर नवा धक्का बांधला. जुडगा दारामागच्या खिळ्याला तसाच राहिला. गेलेल्या माणसाचा आवाज परस्पर कोणी उचलायचा नाही, हीही त्या गावाची रीत होती. घरच्यांनी कोणाला दिला तर तो पुढे चालतो. कोणाच्या आजोबांची शीळ नातवाकडे आली होती, कोणा काकूंचं टाळी वाजवणं धाकट्या जावेकडे. नावाड्याने किल्ल्यांचा आवाज कोणालाच दिला नाही. त्यामुळे गावात कोणीही किल्ल्या हातात घेऊन फिरताना त्या मुठीत घट्ट धरायचं.

त्या वर्षी, हंगाम भरात असताना, त्याची सून आली.

एसटीचा थांबा पलीकडच्या काठावर, त्यामुळे तिला आणायला तोच गेला. ती एकटीच होती. मुलाला रजा मिळाली नव्हती, नातीची शाळा होती. सून वाकून होडीत चढली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "आबा, बारीक झालात."

"होडीला बरं. वजन कमी."

"तुमची नात विचारत होती, आजोबांना पोहता येतं का?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, पोहता येत नाही असा नावाडी कोण ठेवेल?"

तो हसला. ती कशासाठी आली होती हे त्याला माहीत होतं. गावालाही माहीत होतं. धक्क्यावर होडी लागली तेव्हा पाववाला टोपल्या रचत उभाच होता. "या सूनबाई," तो म्हणाला. "दादांना न्यायला आलात म्हणे? मग आधी नदी गुंडाळून पिशवीत भरा. मागोमाग येतील आपोआप."

आजूबाजूची माणसं हसली. नावाडीही हसला. पण दोर बांधताना त्याची गाठ नीट बसेना.

खरी गोष्ट ही होती की त्याला जायचं होतं. आणि हे गावात कोणालाही ठाऊक नव्हतं.

बायको गेली त्या महिन्यात मुलगा न्यायला आला होता. तेव्हा नावाड्याने धक्क्यावर, चारचौघांत सांगितलं होतं, "या पाण्याला सोडून मी कुठे जायचो नाही." त्या दिवशी ते खरं होतं. पण बोललेलं वाक्य गावाने उचललं. राखणदार बाई कासवं बघायला येणाऱ्या पाहुण्यांना होडीत ते सांगू लागली. आधी कासवांची माहिती, मग दादांची. बायकोचं जाणं, वल्ह्याची टकटक, पाण्याला सोडून न जाणं. किल्ल्या तेवढ्या ती गाळायची, कारण तो आवाज कोणाला दिलेला नव्हता. पाहुण्या बायका पदराने, रुमालाने डोळे टिपायच्या, कोणी फोटो काढायचं. नावाडी समोर बघून वल्हं मारत राहायचा. पहिल्या वर्षी त्याला बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी अवघडल्यासारखं झालं. नंतर नंतर त्याला वाटू लागलं की किनाऱ्यावरच्या कुंपणाला जशी पाटी आहे तशी आपल्याही गळ्यात कोणी अडकवली आहे.

त्याचे गुडघे दुखायचे. ओहोटीची ओढ उलटी असली की जाळी विणणारी शेजारीण आपणहून वल्ह्याला बसायची आणि त्याला म्हणायची, "दादा, तुम्ही नुसतं रुबाबात बसा." हात चांगला होता तिचा. पण गुडघ्यांचंही एवढं नाही. संध्याकाळी तो घराशी यायचा, सवयीने दारावर टकटक करायचा आणि मग खिशातल्या सुट्या किल्लीने स्वतःच कुलूप काढायचा. त्या दोन गोष्टींच्या मध्ये जी शांतता असायची, ती त्याला सोसवत नव्हती. नातीने फोनवर सांगितलं होतं, "आजोबा, तुमच्या खोलीच्या भिंतीवर मी कासव काढलंय. पण ते बटाट्यासारखं झालंय." तुमच्या खोलीच्या, ती म्हणाली होती. तो शब्द त्याने कितीतरी दिवस जपला.

आणि मग एकदा तालुक्याच्या बाजारात जाऊन त्याने बूट घेतले. काळे, नाडीचे, शहरात घालायचे. जन्मभर अनवाणी होडी हाकलेल्या माणसाने. खोक्यासकट ते पलंगाखाली सारले होते. कोणी पाहिले असते तर काय सांगितलं असतं, कोण जाणे.

सुनेने आल्या दिवसापासून घर हातात घेतलं. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्यामागे पायऱ्या. तिने डबे पुसले, पडद्याची उसवलेली शिवण घातली. दुसऱ्या दिवशी नावाडी दुपारी घरी आला तर पलंगाखालचं केर-जळमट गेलेलं होतं आणि बुटांचं खोकं भिंतीला लागून सरळ ठेवलेलं होतं. आता विचारेल, मग विचारेल, असं वाटत राहिलं. "जेवायला बसा आबा," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी ती मीठ आणायला दुकानात गेली आणि येताना पडदे ओढलेल्या गल्लीतून "मी आहे, मी आहे" असं म्हणत आली. शेजारची जाळीवाली ओट्यावर पोट धरून हसली.

"अहो, मी तर सगळेच असतात. मी म्हणून कसं ओळखायचं?"

"मग मला पण द्या ना एखादा आवाज," सून म्हणाली.

"द्यायचा नसतो. चिकटेल आपोआप. राहा चार दिवस जास्त."

"राहिले असते. पण पोरगी वडिलांना जेवणात रोज बिस्किटं खायला लावत असेल."

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना नावाड्याने तिला किनारा दाखवायला नेलं. होडीत दोन-चार पाहुणे होते आणि राखणदार बाई होतीच. सुनेने आजवर हे गाव फक्त नवऱ्याच्या सुट्टीत, हंगाम नसताना पाहिला होता. कासवांचं तिला सगळंच नवीन. बाईने घरट्यांभोवतीचं जाळीचं कुंपण दाखवलं. एका ठिकाणी वाळू मधोमध खचली होती. बघता बघता तिथून एक करडं डोकं वर आलं, त्याच्या मागे दुसरं, आणि मग उकळी फुटावी तशी पिल्लं वर येऊ लागली. बाईने पाण्याकडचं कुंपण उचललं. पिल्लं ओल्या वाळूवर बारीक रेघोट्या ओढत निघाली. एखादं मध्येच थांबायचं, जणू काही विसरलं आहे, आणि पुन्हा चालू लागायचं. लाट आली, मागे गेली, आणि पुढची पिल्लं दिसेनाशी झाली.

नावाड्याने हे पुष्कळदा पाहिलं होतं. तरी तो शेवटचं पिल्लू जाईपर्यंत उभा राहिला.

परतताना बाईने दादांची गोष्ट सांगायला घेतली. सून ऐकत होती. वल्ह्याआडून नावाड्याला तिचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटत गेलं ते बघून त्याला बाईचं तोंड धरावंसं वाटलं.

घरी चहा टाकता टाकता सून म्हणाली, "आबा, एक बोलू? मी तुम्हाला न्यायला आले होते. पण आता नाही म्हणणार. यांनासुद्धा सांगेन, परत हा विषय काढायचा नाही. तुमचं सगळं इथे आहे, मला कळलं."

तिने हे फार मायेने म्हटलं.

"बरं," तो म्हणाला.

"परवा सकाळच्या गाडीने निघते मी."

"बरं."

चहावर साय धरली. तो कप हातात घेऊन मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. खाली गाळात बगळे उभे होते. एक शब्द पुरेसा होता, पण तो कुठून काढायचा? ज्यांना इतकी वर्षं डोळे टिपताना पाहिलं, त्यांच्यासमोर म्हणायचं की मला कंटाळा आला? आणि हिला काय सांगायचं, की सूनबाई, तू एकदाच विचारलंस, माझ्यासारख्याला दोनदा विचारावं लागतं?

पुढचा दिवस असाच गेला. त्याने दोनदा बोलायचा प्रयत्न केला. एकदा म्हणाला, "तिकडे पाणी कधी येतं नळाला?" तर ती म्हणाली, "सकाळी. इथली नदी कुठे आणि ते कुठे." दुसऱ्यांदा म्हणाला, "बटाटा पुसला का गं भिंतीवरचा?" तर तिचे डोळे भरून आले आणि ती आत गेली. गोष्ट आणखी बिघडली.

त्याच संध्याकाळी सून गल्लीत सगळ्यांचा निरोप घ्यायला गेली. घर बंद करायचं म्हणून तिने दारामागचा जुडगा काढला, कुलपाला लागेल ती किल्ली शोधली, कुलूप लावलं आणि जुडगा बोटात अडकवून चालू लागली. उजेड जात होता. तिला "मी आहे" म्हणायची गरजही पडली नाही, कारण ती जिथून गेली तिथली बोलणी आपोआप थांबत गेली. पडद्यांमागची भांडी थांबली. बाहेरगावची म्हणून गप्प होतात, असं तिला वाटलं. जाळीवालीच्या घरालाही कुलूप होतं. मग होडी येताना दिसेल म्हणून ती घराला वळसा घालून मागच्या पायऱ्या उतरली आणि पाण्याशी उभी राहिली. हातातला जुडगा तिने, काही करायला नसतं तेव्हा माणसं हलवतात, तसा हलवला.

नावाडी तेव्हा नदीच्या मध्यावर होता. होडीत पलीकडच्या शाळेतून परतणारे मास्तर होते, रिकाम्या टोपल्या घेतलेला पाववाला होता, राखणदार बाई आणि बाजारातून दोऱ्याची रिळं आणलेली जाळीवाली. पाण्यावर राखाडी काळोख पसरला होता. धक्का डावीकडे.

उजवीकडून किल्ल्या वाजल्या.

होडीतलं बोलणं तुटलं. नावाड्याने वल्ह्याची मूठ कडेवर दोनदा वाजवली आणि होडी उजवीकडे वळवली. विचार करून केलं असतं तर केलं नसतं. हात वळले.

"दादा," जाळीवाली हळूच म्हणाली. "दादा, तिकडे गाळ—"

होडी मऊपणे, जवळजवळ आवाज न करता रुतली. टोपल्या पाववाल्याच्या अंगावर घरंगळल्या. मास्तर पुढे फेकले गेले आणि खरोखरचे खोकले.

पायऱ्यांवरून आवाज आला, "आबा? मी आहे."

मग एकेक जण उतरला. चिखल गुडघ्यापर्यंत होता. पाववाला टोपल्या डोक्यावर घेऊन निघाला. "माझी एक चप्पल गेली," तो म्हणाला. "कासवांनी नेली तर परत मागून आणा बाई."

"तुमच्या पायाच्या मापाचं कासव नाही आमच्याकडे," राखणदार बाई म्हणाली, पण तिचा आवाज ओला होता.

पायऱ्यांवर सून जुडगा छातीशी घट्ट धरून उभी होती. जाळीवालीने तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. "मला माहीत नव्हतं," सून म्हणत राहिली. "आबा, खरंच माहीत नव्हतं."

"तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?" मास्तर धोतराचा चिखल निथळवत म्हणाले. "उलट बरं झालं, डोळ्यांनी पाहिलंत. हा माणूस इथून कसा जाईल सांगा. अजून तिच्या हाकेवर वळतो."

"पाहिलं मास्तर," सून म्हणाली. "मी तर कालच आबांना सांगून टाकलं, की—"

"मला जायचंय," नावाडी म्हणाला.

तो अजून चिखलातच उभा होता, एक हात होडीवर.

"कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"लेकाकडे."

पाववाल्याने टोपल्या खाली ठेवल्या. राखणदार बाई म्हणाली, "दादा, तुम्हाला धक्का बसलाय. आधी वर या."

"वर येतो. पण ऐका आता. पुन्हा माझ्याच्याने बोलवणार नाही." त्याने पाय उपसला, तो पुन्हा रुतला. "ती आली असं मला वाटलं नाही. एवढा खुळा नाही मी. घरात कोणीतरी आहे, एवढंच वाटलं. म्हणून हात वळला. रोज दारावर टकटक करतो आणि मग मीच दार उघडतो. कंटाळलो. पाण्यावर राग नाही माझा. पण पाणी काही जेवायला बसा म्हणत नाही."

अंधारात कोणाचे चेहरे दिसत नव्हते, ते बरंच होतं.

"आणि मी पाहुण्यांना काय सांगू?" बाईने शेवटी विचारलं. तिच्या स्वरात तक्रार होती, खरीखुरी.

"सांग, दादाने बूट घेतले. चिखलात बूट चालत नाहीत, म्हणून गेला."

"बूट पाहिले मी," सून एकदम म्हणाली. "पलंगाखाली. मला वाटलं यांच्यासाठी घेतलेत. म्हटलं, द्यायचे राहिलेत, आपण कशाला विचारा."

"त्याचा पाय एवढासा. आईवर गेलाय तो."

ती हसली, आणि हसतानाच तिने डोळे पुसले असावेत, कारण किल्ल्या वाजल्या. मग तिने तोच प्रश्न विचारला, जो त्याला दुसऱ्यांदा ऐकायचा होता. "आबा, येता का आमच्याकडे राहायला?"

"येतो," नावाडी म्हणाला.

सगळ्यांनी मिळून होडी गाळातून ओढली. बराच वेळ लागला. मास्तरांनी ओढण्यापेक्षा सूचनाच जास्त केल्या.

सकाळी नदीवर धुकं होतं. जाळीवाली वल्ह्यावर बसली होती. रात्रीच तिने विचारलं होतं, "होडीचं काय?" आणि तो म्हणाला होता, "तुझा हात आहेच. गुडघे सांभाळ." नावाडी धक्क्यावरून बूट घालून आला, ते करकरत होते. आपल्याच होडीत कुठे बसायचं हे त्याला कळेना. शेवटी सुनेशेजारी बसला, पाहुणे बसतात तिथे.

निघण्यापूर्वी घराला कुलूप घालून सुनेने जुडगा त्याच्यापुढे धरला होता. त्याने तो घेतला, हातात थोडा तोलला आणि परत तिच्या पिशवीत टाकला.

"तुझ्याकडेच राहू दे. पुढच्या हंगामात पोरीला कासवं दाखवायला आणू. अंधारात 'मी आहे, मी आहे' करत फिरशील, बरं दिसत नाही."

जाळीवालीने मागे वळून पाहिलं, ओळखून मान हलवली आणि वल्हं पाण्यात घातलं. म्हणजे किल्ल्यांचा आवाज सुनेला दिला, हे दुपारपर्यंत गावभर होणार होतं.

होडी मध्यावर आली. धुक्यात धक्का पुसट झाला होता, त्यावर कोण उभं आहे ते नीट दिसत नव्हतं. नावाड्याने हात बाहेर काढला आणि पेरांनी होडीच्या कडेवर टकटक केलं.

काठावरून टोपलीवर थाप पडली. मग एक लहान खोकला आणि एक मोठा. फरशीवर काठी फरफटली. दिवसाउजेडी त्या गावात असे आवाज कोणी करत नाही.